कॅनडाने स्वतः बोलावलेल्यांनाच परत का पाठवलं? १९१९ ते १९३९ या वीस वर्षांची गोष्ट

कॅनडाचा स्टुडंट व्हिसा, कॅनडाचा पीआर, टोरांटोतलं घरभाडं आणि परतीचं तिकीट. गेली दोनेक वर्षं मराठी फेसबुक ग्रुप्सवर आणि रील्समध्ये हे विषय सतत फिरताहेत. त्याला कारणही तसंच आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडाने परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये २०२५ साठीचं कायम रहिवाशांचं लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं गेलं. पुढे मार्क कार्नी यांच्या सरकारनेही २०२६ साठी ते ३ लाख ८० हजारांवरच ठेवलं.

या बातम्यांखालच्या बहुतेक कमेंट एकच गोष्ट सांगतात : 'कॅनडा पूर्वीसारखा राहिला नाही.'

पण पूर्वीचा कॅनडा म्हणजे नेमका कुठला? पहिलं महायुद्ध संपल्यापासून दुसरं सुरू होईपर्यंतच्या वीस वर्षांत याच देशाने युरोपातून हजारो माणसं बोलावून आणली. पुढे काम संपलं तेव्हा त्यातल्या हजारोंना जहाजात बसवून परतही पाठवलं. ते का घडलं, याचं उत्तर 'लोक वाईट होते' इतकं सोपं नाही. माणसं बोलवायचा अधिकार एकाकडे होता आणि ती उपाशी राहिली तर त्यांना पोसायची जबाबदारी दुसऱ्याकडे. या दोघांच्या मधल्या फटीत सर्वात नवा आलेला माणूस सापडला.

ही फट कशी तयार झाली, हे समजून घेतलं तर आजच्या बातम्याही जरा वेगळ्या दिसू लागतात.

युद्ध संपलं आणि विनिपेग थांबलं

पहिल्या महायुद्धात कॅनडाचे सुमारे ६० हजार सैनिक मारले गेले. उरलेले १९१९ मध्ये घरी परतू लागले तेव्हा महागाई वाढलेली होती आणि नोकऱ्या कमी होत्या.

१५ मे १९१९ रोजी विनिपेग शहरात सार्वत्रिक संप सुरू झाला. सुमारे ३० हजार कामगार बाहेर पडले. धातुकामगार आणि बांधकाम कामगारांच्या मागण्या साध्या होत्या : पगारवाढ आणि युनियनशी एकत्रित वाटाघाटी करण्याचा हक्क. पण रशियात दोनच वर्षांपूर्वी क्रांती झाली होती. त्यामुळे सरकार, उद्योगपती आणि शहरातली बहुतेक वर्तमानपत्रं एकच गोष्ट सांगू लागली की, हे परक्या लोकांचं कारस्थान आहे.

गंमत अशी की संपाचे बहुतेक प्रमुख नेते ब्रिटनमध्ये जन्मलेले होते. म्हणजे त्या काळच्या हिशेबाने 'आपलेच'. मग सरकारने काय केलं? जून १९१९ मध्ये इमिग्रेशन कायद्यात दुरुस्ती केली आणि ब्रिटिश जन्माच्या माणसालाही राजकीय कारणावरून हद्दपार करता येईल अशी सोय करून घेतली. ही दुरुस्ती संसदेत एका तासाच्या आत मंजूर झाली.

२१ जूनला घोडेस्वार पोलीस जमावावर चालून गेले, गोळीबार झाला आणि दोघांचा जीव गेला. तो दिवस कॅनडाच्या इतिहासात 'रक्तरंजित शनिवार' म्हणून ओळखला जातो. काही दिवसांत संप मागे घेण्यात आला. त्याच वर्षी फौजदारी कायद्यात कलम ९८ आलं. बळाचा वापर करून सत्ताबदल घडवू पाहणाऱ्या संघटनेचं नुसतं सदस्य असणं हाही त्यानुसार गुन्हा ठरला. शिक्षा २० वर्षांपर्यंत.

संप मोडला, पण त्यातून एक राजकारणी उभा राहिला. संपादरम्यान अटक झालेले जे. एस. वूड्सवर्थ १९२१ मध्ये विनिपेगमधूनच खासदार झाले. याच निवडणुकीत शेतकऱ्यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष थेट दुसऱ्या क्रमांकावर आला आणि अ‍ॅग्नेस मॅकफेल कॅनडाच्या पहिल्या महिला खासदार बनल्या. दोन पक्षांची मक्तेदारी पहिल्यांदाच मोडली.

छोट्या पक्षांना किंमत आली की काय होतं, ते १९२६ मध्ये दिसलं. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांना सरकार टिकवायला मतांची गरज होती. वूड्सवर्थ आणि त्यांचे सहकारी ए. ए. हीप्स यांनी पाठिंब्याच्या बदल्यात वृद्धांसाठी पेन्शन मागितलं. १९२७ मध्ये तो कायदा झाला. ७० वर्षांवरच्या गरजूंना महिन्याला जास्तीत जास्त २० डॉलर. मात्र खर्च केंद्र आणि प्रांतांनी मिळून उचलायचा होता, त्यामुळे काही प्रांतांनी ही योजना लागू करायला वर्षानुवर्षं घेतली. आणि कॅनडातले मूळ आदिवासी, जे तिथे सर्वात आधीपासून राहत होते, त्यांना या पेन्शनमधून वगळलं होतं.

'हे कोणाचं काम, केंद्राचं की प्रांताचं?' हा वाद इथे अजून लहान होता. पुढे तो फार मोठा होणार होता.

कोणाला बोलावलं आणि कोणाला नाही?

१९२० च्या दशकाच्या मध्यावर परिस्थिती सुधारली. मॅनिटोबा, सस्कॅचेवान आणि अल्बर्टा या गवताळ प्रदेशातल्या प्रांतांना शेतमजूर हवे होते. दोन मोठ्या रेल्वे कंपन्यांकडे विकायला जमीन होती आणि रिकाम्या गाड्या होत्या. सप्टेंबर १९२५ मध्ये केंद्र सरकारने या दोन कंपन्यांशी करार केला. त्यानुसार मध्य आणि पूर्व युरोपातून शेतकरी, शेतमजूर आणि घरकामगार निवडून आणायचं काम कंपन्यांकडेच गेलं. याआधी सरकारच्या लेखी हे लोक 'पसंतीचे नसलेले' या गटात मोडत होते. मजुरांची गरज पडली तेव्हा ही नापसंती बाजूला ठेवली गेली.

सगळ्यांच्या बाबतीत मात्र ती बाजूला ठेवली गेली नाही. १ जुलै १९२३ रोजी, म्हणजे कॅनडाच्या राष्ट्रीय दिनीच, चिनी स्थलांतर जवळपास पूर्ण बंद करणारा कायदा लागू झाला. त्याआधी प्रत्येक चिनी माणसाकडून ५०० डॉलर प्रवेशकर घेतला जात होता. या कायद्यानंतर तोही मार्ग संपला. १९४७ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत ५० जणांनाही प्रवेश मिळाला नाही. कॅनडातले चिनी लोक १ जुलैला 'अपमान दिन' म्हणू लागले.

भारतीयांची गोष्ट आणखी विचित्र होती. कागदोपत्री ते ब्रिटिश प्रजाजन, म्हणजे कॅनडातल्या गोऱ्या माणसासारखेच राजाचे नागरिक. त्यांना उघडपणे अडवणं लंडनला अडचणीचं होतं. म्हणून १९०८ पासून नियम असा होता की, कॅनडात येणाऱ्याने आपल्या देशातून थेट, मध्ये कुठेही न थांबता यायला हवं. भारतातून अशी थेट जहाजसेवा उपलब्धच नव्हती. १९१४ मध्ये ३७६ प्रवाशांना घेऊन आलेलं कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरच्या किनाऱ्यावरून याच नियमांच्या आधारे परत पाठवलं गेलं.

युद्धात भारतीय सैनिक साम्राज्यासाठी लढले, तेव्हा थोडी सवलत मिळाली. आधीपासून कॅनडात असलेल्यांना बायको-मुलांना आणायची परवानगी मिळाली. १९२१ च्या साम्राज्य परिषदेत ठराव झाला की, साम्राज्यात कायदेशीरपणे राहणाऱ्या भारतीयांना नागरिकत्वाचे हक्क मिळायला हवेत. तो प्रत्यक्षात यावा म्हणून १९२२ मध्ये व्ही. एस. श्रीनिवास शास्त्री यांनी कॅनडाचा दौरा केला. पण ब्रिटिश कोलंबिया प्रांताने भारतीयांचा मताधिकार १९०७ मध्येच काढून घेतला होता आणि तो परत द्यायला प्रांत तयार नव्हता. हा हक्क शेवटी मिळाला तो १९४७ मध्ये. १९३१ च्या जनगणनेत सबंध कॅनडात भारतीयांची संख्या १,४०० च्या आसपास होती.

मग मंदी आली

१९२९ च्या उन्हाळ्यात एक बुशेल गव्हाला दीड डॉलरहून जास्त भाव मिळत होता. डिसेंबर १९३२ मध्ये विनिपेगच्या बाजारात तो ४० सेंटांच्या खाली गेला. भावाची ही घसरण आणि त्याच वर्षांत पडलेला दुष्काळ यांनी गवताळ प्रदेश उद्ध्वस्त केला. वरची माती वाऱ्याने उडून गेली. सस्कॅचेवानमध्ये १९३७ साली ग्रामीण भागातली जवळपास दोन तृतीयांश जनता सरकारी मदतीवर जगत होती.

दुसरा फटका व्यापाराचा. जून १९३० मध्ये अमेरिकेने स्मूट-हॉली कायदा करून आयात शुल्क प्रचंड वाढवलं. कॅनडाची सगळी अर्थव्यवस्थाच निर्यातीवर उभी होती. गहू, लाकूड, कागद, मासे आणि खनिजं बाहेर विकायची आणि त्यावर जगायचं. कॅनडानेही बदल्यात शुल्क वाढवलं. जुलै १९३० ची निवडणूक आर. बी. बेनेट यांनी 'आम्ही शुल्काच्या जोरावर जगाच्या बाजारपेठा उघडू' असं सांगून जिंकली. बाजारपेठा काही उघडल्या नाहीत. १९३२ मध्ये ओटावात ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांची परिषद भरवून आपसात सवलतीचं शुल्क ठरवलं गेलं, पण शेजारच्या अमेरिकेची जागा भरून निघणं शक्य नव्हतं. १९३५ मध्ये अमेरिकेशी नवा व्यापार करार झाल्यावर गाडी थोडी रुळावर आली.

१९३३ मध्ये कॅनडातला प्रत्येक चौथा कामगार, काही अंदाजांनुसार त्याहूनही जास्त, बेकार होता. पेट्रोल परवडेना म्हणून शेतकऱ्यांनी मोटारींची इंजिनं काढून त्यांना घोडे जुंपले. लोकांनी त्या गाडीला पंतप्रधानांचं नाव दिलं : 'बेनेट बग्गी'.

उपाशी माणूस कोणाचा?

खरा पेच इथे सुरू होतो.

१८६७ च्या घटनेनुसार गरिबांची काळजी घेणं हे प्रांतांचं काम होतं आणि प्रांतांनी ते नगरपालिकांवर ढकललेलं होतं. ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकातल्या गावांसाठी होती, जिथे एखादी विधवा किंवा एखादं अनाथ मूल सांभाळायचं असे. आता शहरातली पाव लोकसंख्या दारात उभी होती. नगरपालिकेचं मुख्य उत्पन्न म्हणजे घरपट्टी, आणि बेकार झालेला माणूस घरपट्टी भरू शकत नव्हता. खर्च वाढत होता तेव्हाच उत्पन्न आटत होतं.

केंद्राकडे पैसा होता, पण जबाबदारी नको होती. एप्रिल १९३० मध्ये पंतप्रधान किंग संसदेत म्हणाले होते की, विरोधी पक्षाच्या प्रांतिक सरकारांना बेकारीच्या नावाखाली आपण पाच सेंटांचं नाणंही देणार नाही. हे वाक्य त्यांना निवडणुकीत महागात पडलं. बेनेट यांनी सत्तेवर येताच २ कोटी डॉलरची मदत मंजूर केली, पण तीही 'तात्पुरती' म्हणून. मूळ जबाबदारी प्रांत आणि नगरपालिकांचीच राहिली.

त्यामुळे मदत मिळवणं हा एक अपमानास्पद प्रवास झाला. अनेक ठिकाणी रोख पैसे नाहीत, फक्त किराण्याची कुपनं. काही शहरांत मदत हवी असेल तर घरचा फोन आणि गाडीची नंबर प्लेट जमा करावी लागे. आणि सर्वात महत्त्वाची अट म्हणजे तुम्ही त्या शहराचे ठराविक काळापासूनचे रहिवासी असायला हवं. कामाच्या शोधात गाव सोडलेला तरुण कुठल्याच शहराचा रहिवासी नव्हता. असे हजारो तरुण मालगाडीच्या टपावर बसून देशभर भटकत राहिले. प्रत्येक शहर त्यांना सांगायचं, पुढच्या गावाला जा.

'सार्वजनिक भार' : दोन शब्दांत हद्दपारी

स्थलांतरितांच्या बाबतीत मात्र नगरपालिकांकडे आणखी एक उपाय होता.

इमिग्रेशन कायद्यानुसार कॅनडात पाच वर्षं पूर्ण न झालेला माणूस 'सार्वजनिक भार' बनला, म्हणजे सरकारी मदतीवर जगू लागला, तर त्याला मायदेशी परत पाठवता येत होतं. त्यासाठी त्याने गुन्हा करायची गरज नव्हती. बेकार होणं पुरेसं होतं. कोर्टात खटला चालत नसे. इमिग्रेशन खात्याचे अधिकारीच सुनावणी घेऊन निर्णय देत.

नगरपालिकेच्या नजरेतून हे गणित बघा. मदतीच्या यादीतलं एक नाव केंद्राच्या इमिग्रेशन खात्याला कळवलं की, एका कुटुंबाचा खर्च कायमचा वाचत होता. कळवलं नाही तर तो खर्च शहराच्या तिजोरीतून जात होता. त्यामुळे मदत मागायला आलेल्यांची नावं नगरपालिकांनीच खात्याकडे पाठवली. मदतीचा अर्ज हाच हद्दपारीचा पुरावा बनला. ज्यांना हे कळलं, त्यांनी मदत मागणंच सोडलं.

१९३० ते १९३५ या काळात कॅनडाने सुमारे २८ हजार लोकांना हद्दपार केलं. त्यात ब्रिटनहून आलेले लोकही मोठ्या संख्येने होते. म्हणजे ज्यांना जाहिराती देऊन बोलावलं होतं, जे गोरे होते, इंग्रजी बोलत होते, तेही यातून सुटले नाहीत. वंशभेद दारात होता. पण दाराच्या आत आल्यावर रेघ ओढली गेली ती 'तू किती वर्षं इथे आहेस आणि तुझा खर्च कोणावर पडतोय' या प्रश्नावर.

याच्या जोडीला राजकीय हद्दपारीही होती. ऑगस्ट १९३१ मध्ये कलम ९८ खाली कम्युनिस्ट पक्षाचे नेते टिम बक आणि त्यांच्या साथीदारांना अटक झाली. पुढच्या वर्षी परदेशात जन्मलेल्या डाव्या कार्यकर्त्यांना ठिकठिकाणाहून उचलून हॅलिफॅक्स बंदरात नेण्यात आलं आणि त्यांच्यावर हद्दपारीची कारवाई झाली. बेकारांची संघटना बांधणारा परदेशी कामगार एकाच वेळी दोन कारणांनी नकोसा झाला होता.

दरम्यान नवीन लोकांसाठी दार लावून घेतलं गेलं. मार्च १९३१ च्या सरकारी आदेशानुसार प्रवेश मुख्यतः दोनच गटांपुरता राहिला : पुरेसे पैसे जवळ असलेले अमेरिकी नागरिक आणि ब्रिटिश प्रजाजन. 'ब्रिटिश प्रजाजन' या शब्दाची व्याख्याही अशी केलेली होती की, त्यात ब्रिटन, आयर्लंड, न्यूफाउंडलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका बसत होते, भारत बसत नव्हता. १९३० मध्ये १ लाखाहून जास्त लोक कॅनडात आले होते. १९३५ मध्ये हा आकडा ११ हजारांवर घसरला.

दिवसाला २० सेंट

मालगाड्यांवर फिरणाऱ्या एकट्या तरुणांना सरकार घाबरत होतं. हे तरुण शहरात एकत्र जमले तर विनिपेगची पुनरावृत्ती होईल, अशी भीती होती. सेनाप्रमुख जनरल अँड्र्यू मॅकनॉटन यांनी सुचवलेल्या योजनेनुसार १९३२ पासून त्यांच्यासाठी छावण्या सुरू झाल्या. त्या संरक्षण खात्याच्या ताब्यात होत्या आणि शहरांपासून दूर होत्या. रस्ते बांधायचे, झाडं तोडायची, विमानांसाठी धावपट्ट्या तयार करायच्या. बदल्यात जेवण, कपडे, निवारा आणि दिवसाला २० सेंट. चार वर्षांत सुमारे १ लाख ७० हजार तरुण या छावण्यांतून गेले.

एप्रिल १९३५ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या छावण्यांमधल्या तरुणांनी संप केला आणि ते व्हँकुव्हरमध्ये जमले. दोन महिने काही हाती लागलं नाही. शेवटी ३ जूनला हजारभर तरुण मालगाड्यांवर चढले आणि थेट राजधानीकडे निघाले. हीच 'ऑन टू ओटावा' यात्रा. वाटेत गावोगावचे लोक त्यांना जेवण देत होते, आणखी तरुण गाडीवर चढत होते.

केंद्राने रेल्वे कंपन्यांना सांगून रेजायना शहरात त्यांना अडवलं. सस्कॅचेवानचे प्रीमियर जेम्स गार्डिनर यांनी यावर आक्षेप घेतला. तरुण त्यांच्या प्रांतात अडकणार, बंदोबस्त त्यांना बघावा लागणार आणि निर्णय मात्र ओटावा घेणार. पुन्हा तोच वाद. तरुणांचं शिष्टमंडळ ओटावाला जाऊन बेनेट यांना भेटलं, पण बैठक भांडणात संपली. १ जुलै १९३५ रोजी रेजायनातल्या सभेत पोलीस घुसले, दंगल झाली आणि एका पोलिसाचा मृत्यू झाला. जखमी झालेला एक आंदोलकही पुढे दगावला. शंभराहून जास्त लोकांना अटक झाली.

तीनच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये निवडणूक झाली आणि बेनेट यांचा दारुण पराभव झाला. परत आलेल्या किंग यांनी १९३६ मध्ये छावण्या बंद केल्या आणि कलम ९८ ही रद्द केलं.

लोकांनी नवे पक्ष का शोधले?

जुने दोन पक्ष एकमेकांवर आणि केंद्र-प्रांत एकमेकांवर ढकलत असताना लोक तिसरीकडे बघू लागले. १९३२ मध्ये कॅलगरीत शेतकरी, कामगार आणि समाजवादी एकत्र आले आणि सीसीएफ हा पक्ष स्थापन झाला. नेतृत्व विनिपेगच्या त्याच वूड्सवर्थ यांच्याकडे गेलं. बेकारी विमा आणि सार्वजनिक आरोग्य सेवा या त्यांच्या मागण्या तेव्हा टोकाच्या वाटत होत्या. आज कॅनडाची ओळखच त्यांच्यावर उभी आहे. आजची एनडीपी हा याच पक्षाचा वारसा.

अल्बर्टात वेगळंच घडलं. शाळेचे मुख्याध्यापक आणि रेडिओवरचे धर्मप्रवचनकार विल्यम एबरहार्ट यांनी प्रत्येक प्रौढाला महिन्याला २५ डॉलर देण्याचं आश्वासन दिलं. १९३५ च्या प्रांतिक निवडणुकीत त्यांच्या सोशल क्रेडिट पक्षाने ६३ पैकी ५६ जागा जिंकल्या. ते २५ डॉलर मात्र लोकांपर्यंत कधी पोहोचले नाहीत. क्वेबेकमध्ये १९३६ साली मॉरिस ड्युप्लेसिस सत्तेवर आले. त्यांनी पुढच्याच वर्षी केलेल्या कायद्यानुसार कम्युनिस्ट प्रचारासाठी वापरलेल्या घराला थेट टाळं ठोकता येत होतं.

तीन प्रदेश, तीन वेगळी उत्तरं. प्रश्न एकच होता की, संकटात सामान्य माणसाच्या मागे कोण उभं राहणार?

बंद दाराची किंमत

मंदी ओसरायला लागली तरी दार उघडलं नाही. नाझी जर्मनीतून ज्यू लोक जीव वाचवून पळत होते, तेव्हा इमिग्रेशन खात्याची सूत्रं ज्यूंच्या प्रवेशाला विरोध करणाऱ्या फ्रेडरिक ब्लेअर यांच्याकडे होती. जून १९३९ मध्ये ९०० हून जास्त ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेल्या सेंट लुईस जहाजाला क्यूबा आणि अमेरिकेनंतर कॅनडानेही आसरा नाकारला. जहाज युरोपात परतलं. त्यातले २५४ प्रवासी पुढे नाझी नरसंहारात मारले गेले.

चिनी प्रवेशकराबद्दल २००६ मध्ये, कोमागाता मारूबद्दल २०१६ मध्ये आणि सेंट लुईसबद्दल २०१८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. बेकार झाले म्हणून परत पाठवलेल्या त्या हजारोंची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही. त्यांचं ना एखादं जहाज होतं, ना एखादा समाज. ते एकेकटे गेले.

मग काय बदललं?

बेनेट यांनी शेवटच्या वर्षात बेकारी विम्याचा कायदा केला होता. पण हा विषय प्रांतांचा आहे, असं सांगून न्यायालयांनी तो रद्द केला. १९३७ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्याच वर्षी किंग सरकारने केंद्र आणि प्रांतांच्या संबंधांवर आयोग नेमला. अखेर १९४० मध्ये सर्व प्रांतांच्या संमतीने घटनादुरुस्ती झाली आणि बेकारी विमा केंद्राकडे आला. पुढच्या वर्षी तो प्रत्यक्ष सुरू झाला. म्हणजे मंदीच्या सगळ्यात वाईट वर्षांत जे हवं होतं, ते मिळालं तेव्हा युद्धामुळे कारखाने धडाडून चालू होते आणि बेकारी संपत आली होती.

आजच्या बातमीकडे पुन्हा

आजचा कॅनडा म्हणजे १९३० चा कॅनडा नाही. वंशावर आधारलेले प्रवेशाचे नियम गेले, हक्कांची सनद आली, बेकारी विमा आहे, हद्दपारीच्या निर्णयाला आव्हान देता येतं. २०२५ मध्ये अमेरिकेने पुन्हा टॅरिफ लावले तेव्हा कॅनडात बेनेट यांच्या काळाची आठवण निघाली, पण आजची परिस्थिती त्या मंदीच्या जवळपासही नाही.

तरीही ती जुनी फट पूर्ण बुजलेली नाही. किती लोकांना देशात घ्यायचं, हे मुख्यतः केंद्र ठरवतं. कॉलेजं आणि दवाखाने प्रांतांकडे आहेत. घरं बांधायला परवानगी नगरपालिका देते. ओंटारियोने २०१९ मध्ये स्थानिक विद्यार्थ्यांची फी १० टक्क्यांनी कमी केली आणि मग ती गोठवली. कॉलेजांच्या उत्पन्नातला खड्डा परदेशी विद्यार्थ्यांच्या कितीतरी जास्त फीने भरला जाऊ लागला. केंद्राने व्हिसा दिले, कॉलेजांनी फी घेतली, पण ही मुलं राहणार कुठे, हा प्रश्न शेवटी शहरांच्या आणि त्या मुलांच्या गळ्यात पडला. २०२३ मध्ये कॅनडाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतरची ही सर्वात वेगवान वाढ. भाडी भडकली, केंद्राने कॉलेजांकडे आणि प्रांतांकडे बोट दाखवलं, प्रांतांनी केंद्राकडे. आणि कात्री चालली ती विद्यार्थी परवान्यांवर.

म्हणून कॅनडाला जायचा विचार करणाऱ्या पुण्या-नाशिकच्या मुलामुलींनी दरवर्षीच्या लक्ष्याचा आकडा तर बघावाच, पण तेवढ्यावर थांबू नये. आपल्या कॉलेजची तिजोरी कोणाच्या फीवर चालते, त्या शहरात घराचं काय, नोकरी गेली तर आपला खर्च कोणाच्या खात्यावर पडणार, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे. कारण वाईट दिवस आले की देश आधी हे बघतो की, कोण अजून पूर्णपणे आपलं झालेलं नाही. १९३० मध्ये ही रेघ पाच वर्षांवर ओढलेली होती. आज ती तात्पुरता परवाना आणि कायम रहिवास यांच्यामध्ये आहे.